तपासणी

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या ह्यांनी.
केसाएवढी रेघ सरकली
तरी अख्खी शीट बाजूला.
डाळीतला खडासुद्धा
ह्यांनाच आधी दिसायचा.

आणि नातीच्या ट्रकचा स्क्रू
दोन दिवस बुटात राहिला.
जेल रोडवरून बिटकोपर्यंत, बिटकोवरून परत,
भाजी आणली, लाईटबिल भरलं,
पाय काही बोलला नाही.

डाग मला दिसला, फरशी पुसताना.
तांबडा, अंगठ्याएवढा,
चौकटीबाहेर सांडलेल्या शाईसारखा.
"चिंचेचा असेल," म्हणाले.

पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली
पेनानं आडवी रेघ ओढली
आणि फॉर्म पुढे केला.
मी म्हटलं, एवढी मोठी शीट बाद करायची
तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवू आधी.

द्वारकेजवळच्या डॉक्टरांकडे नायलॉनचा दोरा होता.
डोळे मिटा गायधनीकाका,
तळव्याला टेकवतोय, कळलं की सांगा.
"हो," हे म्हणाले.
दोरा तेव्हा हवेतच होता.

मग रक्ताची नळी मोकळी केली,
सडलेलं खरवडलं.
करंगळी गेली. पाय राहिला.
अकरा आठवडे शबनम सिस्टर पट्टी सोडायच्या,
बघण्याआधी वास घ्यायच्या,
म्हणायच्या, आज बरंय.
पुढे पुढे मलाही यायला लागलं ते,
नाकानं वाचायला.

आता आंघोळीच्या पाण्यात आधी माझं कोपर,
बुटात आधी माझा हात.
बोटांच्या बेचक्यात तेल नाही, कोरडं फडकं.
एप्रिलात मुक्तिधामचा संगमरवर तापतो,
हे पायरीखालूनच हात जोडतात, चपला घालून.
देव काही उठून बघायला येत नाही
कोणाच्या पायात काय आहे ते.

रात्री साडेनऊ. बातम्या बंद.
ह्यांचे पाय माझ्या मांडीवर,
दाढीचा आरसा टाचेखाली.
चाळीस वर्षांत पाया पडले असेन कितीदा,
तळवे कधी पाहिले नव्हते.

"तिथे काय आहे?"
"सावली."
"नीट बघ."
"तुम्हीच शिकवलंत, उजेडात तिरकी धरायची शीट."

मोजते.
नऊ.
बरोबर? हे विचारतात, डोळे मिटून.
बरोबर.

आरसा ठेवून देते, हात तसाच राहतो पायावर.
थोडा वेळ.
मग सांगते ह्यांना,
हात ठेवलाय म्हणून.