अठराव्या वर्षाची नोंद

रजांग नदीच्या वरच्या अंगाला
वीस बिऱ्हाडांच्या लांबघराच्या छपरावर
बेलायोंग दरसाल एकदा चढतो,
कमरेला मीटर, दातांत पेन्सिल.

काचेखालचा पांढरा थर आता
जपून ठेवलेल्या पावतीसारखा पिवळा.
कडेने ओल आत शिरलीय.
चांदीच्या बारीक रेघांवरून
गोगलगाय चालून गेल्यासारखी तपकिरी वाट.
चौकटीच्या खाचेत शेवाळ, आणि
एक नेचा, बोटभर.

ऊन काही कमी नाही इथे.
उन्हानेच थकतात ही पॅनेलं,
दिवसभर तापतात, रात्रभर वाफेत भिजतात,
धड सुकायला सवड अशी मिळतच नाही.

"दोनशे होते. एकशे सेहेचाळीस!"
तो खाली ओरडतो.
इंदाई सुलाऊ चटईवर मिरी पसरतेय.
वर न बघताच विचारते,
"म्हणजे कुठला दिवा?"

तो उत्तर देत नाही.
अंगातला सदरा काढून काच पुसतो,
थुंकी लावून एक डाग घासतो,
पुन्हा मोजतो.
एकशे एकोणपन्नास.

तीन वॉट नुसता मळच होता तर.
वहीत तेवढंच लिहितो.
नेचा उपटायला हात नेतो,
आणि राहू देतो.