पाठकोरे कागद

बेंगळुरूहून सुत्तोले आली, खानापूरच्या कॉलेजात:
खर्च दहा टक्के कमी.
हिरेमठ हेडक्लार्कनी जिन्यातला बल्ब काढला,
प्रयोगशाळेचा गॅस महिन्यातून एकदा,
प्रश्नपत्रिका पाठकोऱ्या कागदांवर –
पुढं कन्नडमधली जुनी बिलं,
मागं आमची मराठी.

तरी सात टक्केच झाले.

मग माझ्या नावावर पेन्सिल टेकली.
अतिथी उपन्यासक, अकरा वर्षं.
तासाला इतके, सुट्टीला शून्य.
वर्गात पोरं चार,
त्यातली एक कणकुंबीहून पहाटेच्या बसनं येते.

पेन्सिल न उचलता ते म्हणाले,
"चहा घ्या मॅडम, तुम्ही पाव्हण्या."

गंगव्वानं आणला, साखर बेतानं.
कॉलेजचा चहा मी पहिल्यांदाच प्याले.
तो कुठल्या खात्यात मांडला,
विचारायचं राहिलं.