पाय मोडलेला स

विल्बर, नेब्रास्का. वाचनालयाच्या मागच्या खोलीत
दर मंगळवारी मी लोकांचे फॉर्म भरून देते.
कर, पेन्शन; एकदा तर मेलेल्या कुत्र्याचं लायसन्स रद्द करायचं होतं.

डेलबर्ट ह्रुस्का आला मार्चमध्ये,
टोपी काढून, बूट पायपुसण्यावर दोनदा घासून.
वय त्र्याण्णव. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत,
कोरियातल्या थंडीनं नेली.
"बोटांची नोंद आहे," म्हणाला. "पदकाची नाही."

मला तो मिसेस ओझार्क म्हणतो.
मी ओझरकर. माझ्या लायसन्सवरही पहिल्यांदा तसंच छापून आलेलं,
दुरुस्त होईपर्यंत सात महिने मी एक डोंगररांग होते.
सरकारी काम, सहा महिने थांब,
हे त्याला सांगायला गेले आणि गप्प बसले.
तो पन्नास सालापासून थांबलाय.

फाइल सेंट लुईसला होती. त्र्याहत्तरच्या आगीत गेली.
उरलं ते त्यांनी पाठवलं: एका पानाची झेरॉक्स,
कडेनं काळी.
जळाल्याचीही झेरॉक्स निघते, मला ठाऊक नव्हतं.
बोट फिरवून पाहिलं. काजळी लागली नाही.
वर 'ब्राँझ स्टार', खाली नावं,
सातवं नाव ह्रुस्, आणि पुढे काळं.

रात्री घरी ते माझ्या लिपीत लिहून पाहिलं.
स चा पाय मोडावा लागला.
शाळेत बाई सांगायच्या, पाय मोडलेलं अक्षर
एकटं उभं राहत नाही गं,
ते पुढच्याच्या खांद्यावर हात टाकतं.

पुढच्या मंगळवारी फॉर्मनं विचारलं:
चूक झाली की अन्याय?
मी म्हटलं, दोन्ही लिहिता येईल.
तो बराच वेळ खिडकीतून धान्याच्या कोठाराकडे बघत राहिला.
"चूक लिही. अन्यायाला करणारा कुणी लागतो.
आग कुणी लावली, त्यांनाही माहीत नाही."

साक्षीदार?
सार्जंट गेला. रेडिओवाला गेला.
तिसरा डब्यूकच्या वृद्धाश्रमात आहे,
फोनवर त्यानं ह्यालाच विचारलं, मी कोण?

या वयात पदक कशाला, असं मी विचारलं नाही.
चेहऱ्यावर आलं असावं.
"मर्लिन क्विग्ली," तो म्हणाला. "आयोवाचा. डुकरांविषयी फार बोलायचा.
त्याच्या कागदावर लिहिलंय, रस्त्यावर मेला, ट्रकच्या रांगेजवळ.
आमची तुकडी त्या दिवशी टेकडीवर नव्हतीच, असंही आहे.
माझ्या पदकाच्या हुकुमात टेकडी होती.
तारीख होती. कुणाला खाली आणलं, तेही होतं.
ते पान जळलं आणि मर्लिन रस्त्यावर राहिला."

मग जरा थांबून,
"रस्त्यावर नाही मेला तो. माझ्या पाठीवर मेला.
मला कळलं ते वजनावरून."

त्याची बहीण अजून आहे, नव्वदीची.
दर नाताळच्या कार्डात एकच ओळ: तो एकटा होता का?
हा दरवर्षी कळवतो, नव्हता.
ती कळवते, कागदावर तसं नाही.

रकान्यात चार ओळींची जागा होती.
मी अक्षर बारीक केलं, तरी मर्लिन समासात गेला.
डेलबर्टनं सही केली,
आडनाव सावकाश, शेवटचा 'का' पुन्हा गिरवून.
पोस्टात त्यानं पोचपावतीचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

उत्तर अजून नाही.
तो मंगळवारी येतो, कोट न काढता बसतो,
काही मागत नाही. कधी पेंगतो.
मागच्या खेपेला खाकी पिशवीत नासपती घेऊन आला.
ह्रुस्का म्हणजे नासपती, त्याच्या आजोबांच्या भाषेत.
त्यानं टेबलावर एकेक मांडली, माझ्यासाठी पाच.
सहावी कडेनं काळी पडलेली होती.
ती त्यानं उचलून
स्वतःच्या खिशात ठेवली.