डावीकडचा अ

बारा सुविचार, चार बाय तीन, लाकडी चौकटीत,
असं म्हणून धानोऱ्याच्या बेहरे सरांनी
वहीचं फाटकं पान काउंटरवर ठेवलं.
बाहेर नंदुरबारची हवा, पौषातली, झोंबरी.
पथारीवर बाया मिरची उलटवत होत्या.
मी दोनदा शिंकले आणि फाइल उघडली.

'कष्ट' बसवणं सोपं.
ष च्या पोटाखाली ट मुळातच वाकलेला,
त्याच्यावर वेगळं ओझं टाकावं लागत नाही.
'यश' किरकोळ अंगाचं,
कितीही ठळक करा, कपडे ढगळच वाटतात.
'प्रयत्न' मात्र छळतो.
त्न ची गाठ लांबून उकलत नाही,
आणि वाचणारी पोरं तर
अजून बोट ठेवून वाचणारी.

हिलाल पेंटर आधी नुसती अक्षरं काढायचे,
बोडकी, सुटी सुटी, भिंतीवर उभी.
मग चहा.
मग श्वास धरून डावीकडून उजवीकडे एकच रेघ,
आणि सगळी तिला लोंबकळून शब्द व्हायची.
माझ्याकडे शिरोरेघ आपोआप येते.
मधला चहा मिळत नाही.

अकरा झाले. बारावा होता
'अशक्य असे काही नसते.'
क्लाससाठी, पतपेढीसाठी, एका जिमसाठी
दोनशे वेळा तरी छापलं असेल मी हे,
खरं वाटून एकदाही नाही.
म्हणून की काय, त्या संध्याकाळी हात गेला.
अ मोठा केला. मिरचीचा लाल दिला.
ओळीतून ओढून बाहेर काढला,
पार डावीकडे, समासात, एकटा.
बाकीचं वाक्य काळं, शहाण्यासारखं रांगेत.
नकाराला दाराबाहेर उभं केलंय, असं काहीतरी
मनात होतं.
लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, मीच खूश.

जगन्याने चौकटीच्या मापाला पट्टी लावली
आणि ब्लेड फिरवलं.

नऊ दिवस शाळेच्या व्हरांड्यात टांगलेलं होतं
'शक्य असे काही नसते.'
खाली: सौजन्य, माजी सरपंच.
केंद्रप्रमुख येऊन गेले,
त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून गेले.
मुलांनी ते परिपाठाला मोठ्याने म्हटलंसुद्धा,
हात जोडून.

मग सरांचा फोन. आवाज अर्धा राग, अर्धं हसू.
मी लाल अ चं स्टिकर कापलं,
पिशवीत घातलं, स्कूटी काढली.

व्हरांड्यात पोचले तर अ आलेला होता.

चौकटीत जागा नव्हती, म्हणून भिंतीवर,
चुन्यावर, विटेच्या तुकड्याने काढलेला.
पोट फुगलेलं, दांडा खाली घसरलेला,
जसा काही चिखलातून पाय ओढत आलाय.
आणि शिरोरेघ?
ती भिंतीवरून निघून, लाकडी चौकट ओलांडून,
काचेवरून सरपटत
थेट माझ्या श ला जाऊन टेकली होती.

चौथीतली मोगी वळवी.
सरांनी पुढे ढकलली तेव्हा हात मागे लपवून उभी,
बोटं विटकरी.
"चुकलेलं होतं," म्हणाली.
"आत काढायचं होतं, पण आत मावलंच नाही."

सर म्हणाले, पुसून घेतो, तुम्ही स्टिकर लावा.
मी म्हटलं, डिंक वाळलाय, पुढच्या वेळी.
डिंक वाळलेला नव्हता.

संध्याकाळी हिलालबाबांना फोनमधला फोटो दाखवला.
मोतीबिंदूच्या डोळ्याने, दोन बोटांनी
त्यांनी तो अ मोठा केला, आणखी मोठा केला.
बाकीच्या ओळीकडे पाहिलंच नाही.
"कोना हात शे हाऊ?"

सांगितलं.
त्यांनी चहा मागवला. दोन.

माझा लाल अ, कापून पडलेला,
जगन्याने स्कूटीच्या फाटक्या सीटला बांधलाय, उलटा.
रोज त्याच्यावर बसून मी दुकानात येते.