दारामागचं बटण

छतातून वायर ओढली तर रबराचा हातातच भुगा.
दोनच तारा, लाल नि काळी. अर्थिंग नाहीच.
म्हणजे पन्नास वर्षं हे मुहर्रकमधलं घर
अधांतरीच,
आपल्या व्हिसासारखं, बशीर हसला.

अंगणात तांब्याचा रॉड ठोकला:
वाळू, मग प्रवाळाचा दगड,
मग एकदाची ओल लागली.

सगळं बदला, उम्म जासिम म्हणाली,
एवढं दारामागचं बटण सोडून.
काळं, बेकेलाइटचं,
एकाच अंगठ्यानं एका बाजूला झिजवलेलं.

मागच्या तारा काढल्या,
बटण होतं तसंच आवळून ठेवलं.

संध्याकाळी बिल लिहीत होतो,
आतून आवाज आला, टक्.
जरा थांबून पुन्हा, टक्.

नव्या दिव्यांपैकी एकही हलला नाही.
बिलात ते धरलेलं नाही.