काज

फॅक्टरी बंद पडली त्या मार्चमध्ये
लिमाकात्सोने दगड वेचायला घेतले.
मासेरूत अकरा वर्षं ती जीन्सना काजं करायची,
दिवसाला नऊशे.
बटण कुणाचं, पोट कुणाचं, कधी कळलं नाही.

आता दारासमोर कमरेइतका उंच, गोल वाफा
आणि आत शिरायला एक खाच, तिच्यापुरती.
"डोंगरावरून बघा, काजच दिसतं," ती म्हणते
आणि स्वतःच हसते.

तळाशी गंजके डबे, कोरफडीची पानं, हाडं,
वर शेण, राख, मग माती.
मधोमध काटक्यांची उभी टोपली:
साली तिच्यात, भांड्यांचं पाणीही तिच्यातच.

पहिली भिंत एका रात्रीत बसली.
शेजारचे मोलेफी काठी टेकत आले, म्हणाले,
दगडाचं तोंड आत झुकव, पोरी.
तिनं सगळी उसवली. पुन्हा घातली.

जूनमध्ये पालकावर बर्फ पडलं.
घरात होत्या त्या जीन्स, शिलाई चुकून नापास झालेल्या,
तिनं अंथरल्या वाफ्यावर.

सकाळी एक पाय उचलून पाहिला.
दोन ओळी काळ्या.
तिसरी ताठ,
तहानलेली.

बरं झालं,
रात्रीची भांडी घासायची राहिली होती.