तीन-अ

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचं बटण नाही.
तीन, तीन-अ, मग एकदम पाच.
मी तीन-अ वर राहायचे, श्वीचौ शहरात,
क्रेनच्या कारखान्यात वेल्डिंगचे सांधे तपासायचे.
चार म्हटलं की मरण ऐकू येतं तिथं,
म्हणून बिल्डरनं मजला ठेवला, आकडा गाळला.
पहिल्या दिवशी हसले मी.
मग आठवलं, आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते.
हसू गिळलं.

समोरच्या दारात श्युए बाई.
एकतीस वर्षं रेल्वेत सांधेवाली,
अजूनही कुणी बोलू लागलं की मान तिरपी,
लांबून गाडी येत असल्यासारखी.
पहिल्याच भेटीत, जिन्यात:
पगार किती? भाडं किती? नवरा कुठाय?
हे बूट केवढ्याला? अगं, फसवलं तुला.
मी उत्तरं देत गेले एकामागून एक,
पासपोर्टच्या खिडकीशी उभी असल्यागत.
दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी,
आत वाफाळते बाउत्झ, सात.
(सातच का, ते अजून कळलेलं नाही.)

"जेवलीस का?" हा तिथला नमस्कार.
मी बावळट, खरं सांगायचे:
नाही हो, अजून कुकर लावायचाय.
की त्या हाताला धरून आत न्यायच्या.
महिन्याभरानं शिकले,
'हो, जेवले' म्हणायचं आणि चालू लागायचं.
शिकले त्या दिवशी भूक जास्त लागली.

मावशीला चिनीत 'आयी' म्हणतात.
कोशात पाहिलं. दोनदा पाहिलं.
शब्द तोंडात घ्यायला आठवडा गेला,
उच्चार अवघड म्हणून नव्हे.
एका रविवारी त्यांच्याच ओट्याशी उभी राहून
घरी फोन लावला, म्हटलं, "आई, ऐकतेस?"
दोघींनी ओ दिली,
एकीनं कराडहून, एकीनं कढईवरून.

सर्दी झाली: गरम पाणी पी.
पोट दुखलं: गरम पाणी.
साहेबानं सगळ्या टीमसमोर झापलं, रडत आले,
त्यांनी थर्मासचं बूच काढलं.
म्हटलं, आयी, ह्याला पाणी काय करणार?
म्हणाल्या, पिताना बोलता येत नाही.

ऑक्टोबरात दांगशानच्या नासपती आल्या,
लहान नारळाएवढ्या, सालीवर खरखर,
सुरी टेकली की रस.
मी कापली, अर्धी पुढं केली,
वाटल्याशिवाय गोड कशी लागायची!
त्यांनी हात मागं घेतला.
फन ली: नासपती वाटणं.
फन ली: ताटातूट.
आवाज तोच.
"अख्खी खा," म्हणाल्या, "नाहीतर अख्खी टाक."
त्यांची च्यिंग-लान व्हँकुव्हरला असते, नऊ वर्षं.
ती नासपती कधी, कुणी कापली होती
ते मी विचारलं नाही.
दोन्ही अर्ध्या मीच संपवल्या, उभ्या उभ्या,
रस कोपरापर्यंत,
त्या शेवटच्या घासापर्यंत बघत राहिल्या.

मे महिन्यात करार संपला.
दोन बॅगा. लिफ्टच्या दारात त्यांनी पाय अडवून धरलेला.
'जाते' म्हणायचं नसतं, म्हणून
मोडक्या चिनीत म्हटलं, "आयी, मी येते."
"येतेस? अगं, चाललीस की तू!"
मग "सावकाश जा" म्हणाल्या. तिथं तसंच म्हणतात,
गाडीला वीस मिनिटं उरली असली तरी.
पाय काढला.
तीन, दोन.

स्टेशनवर तपासणीच्या पट्ट्यावर
माझ्या बॅगेच्या कडेच्या खणातून
त्यांचा थर्मास निघाला.
गणवेशातली मुलगी म्हणाली, एक घोट पिऊन दाखवा.
नियम आहे तसा, पाण्याचा भरवसा नसतो.
मागं रांग होती.
"तुमचाच ना?" तिनं विचारलं.
मी पीत होते.